टिपणीस सरांची वाळूबाई

समोरच्या फ्लॅटमधले कृष्णकांत टिपणीस दिवसातून तीनदा माझ्याकडे पाणी प्यायला यायचे. सकाळी साडेनऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला. बेल एकदाच, तीही घाबरत दाबल्यासारखी. मी दार उघडलं की उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभे राहत, तांब्या वर धरून सगळं पाणी पीत, "आभारी आहे, आशालताताई," म्हणत आणि परत जात. बसा म्हटलं तर बसत नसत.

पहिले आठ दिवस मी मनातल्या मनात धुमसत होते. कामोठ्यात त्या वर्षी पाण्याची बोंब होती, आमच्या बिल्डिंगला एक दिवसाआड टँकर येत होता, आणि हा साठीचा माणूस घरचा पिंप सोडून माझ्या माठावर डोळा ठेवून. माझ्या हॉलमध्ये पाचवी ते आठवीची ट्यूशन चालायची, वीस पोरं, त्यांनाही पाणी लागायचं. मी त्यांना चिक्कू ठरवून मोकळी झाले होते. नवव्या दिवशी मात्र राहवलं नाही. म्हटलं, "सर, घरी पाणी येत नाही का तुमच्या?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "येतं की. पण तिच्यासमोर पिववत नाही. स्वयंपाकघरात जाऊन प्यायलो तरी घोट गिळल्याचा आवाज तिला ऐकू येतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी माठाशेजारी वेगळा तांब्या भरून ठेवायला लागले.

ती म्हणजे त्यांची बायको, वसुंधराताई. २००८च्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निघालं. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, रिक्षाने पनवेलला जाऊन डायलिसिस. सरांना स्वतःला मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. मुलगी मिताली बंगळूरला, तिचं नुकतंच बाळंतपण झालेलं, किडनीसाठी तिचं नाव काढायला वसुंधराताईंनी बंदी केली होती. लघवी जवळजवळ बंदच झाली होती, म्हणजे प्यायलेला प्रत्येक थेंब पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहणार. डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं, दिवसाला सातशे मिलीलीटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोटही आला.

हे काम सरांच्या हातात पडलं, आणि ते त्यांच्याइतकं चोख दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. एकतीस वर्षं ते पनवेलच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मुलं त्यांना सर म्हणायची. शिक्षक मात्र "कृष्णकांत, बेडूक आले का?" असं विचारायचे, आणि त्यातला फरक त्यांना कळत होता. त्यांचा जीव होता तक्त्यांत. हृदयाचा उभा छेद, झुरळाची पचनसंस्था, डोळ्याची रचना, सगळं ड्रॉइंग शीटवर काळ्या शाईने हाताने काढलेलं. रंग नाही, छाया दाखवायची तर टिंबांनी. नावांच्या रेषा पट्टीने आखलेल्या, एकीने दुसरीला कापायचं नाही, आणि सगळी नावं उजवीकडे एकाखाली एक. ते निवृत्त झाले त्या वर्षी शाळेने छापील तक्ते घेतले आणि यांचे रद्दीत काढले. सरांनी त्यातले अकरा रिक्षात घालून घरी आणले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, वसुंधराताईंनीच सांगितलं.

त्यांनी एका काचेच्या बाटलीवर शाईने खुणा केल्या. शंभर, दोनशे, असं सातशेपर्यंत. रोज सकाळी बाटली भरायची, आणि वसुंधराताईंच्या तोंडात जे काही पातळ जाईल तेवढं त्यातून कमी करायचं. संध्याकाळपर्यंत बाटली रिकामी.

आता माझ्या पापाकडे येते.

२००९च्या चैत्रात मी हळदीकुंकू केलं. दरवर्षी करायचे. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. पन्ह्यावर माझा भारी अभिमान. गूळ घालून, वेलची जरा सढळ हाताने, आणि माठात गार केलेलं. वसुंधराताई आल्या तेव्हा इतर बायका येऊन गेल्या होत्या. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांच्या खुणा, त्यावर पदर ओढलेला. कुंकू लावलं, ओटी भरली. मी पन्ह्याचं भांडं झाकून ठेवलं होतं, मुद्दाम. त्यांनी ते पाहिलं.

"आशा," त्या म्हणाल्या, "चैत्रगौरीपुढून सवाष्णीला कोरड्या तोंडाने पाठवशील?"

एवढंच म्हणाल्या. पण मला ते वाक्य ओलांडता आलं नाही. माझी आई, माझी सासू, दोघींनी हेच शिकवलं होतं, की चैत्रात दारी आलेल्या बाईला थंड पाजायचं, नाहीतर हळदीकुंकू कशाला करायचं. सातशे मिलीलीटर मला ठाऊक होतं. तरीही मी पेला भरला. तो त्यांनी एका दमात संपवला आणि पुढे केला. मी पुन्हा भरला. असे चार. चौथ्यानंतर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्या वेळी मला, खोटं कशाला सांगू, पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना श्वास घेता येईना. फुफ्फुसात पाणी झालं होतं. ॲम्ब्युलन्स खाली आली तेव्हा मी गॅलरीत उभी होते. पाच दिवस त्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, बेसिनच्या नळाला तोंड लावलं. सरांनाही तेच सांगितलं. माझं नाव त्यांनी अखेरपर्यंत घेतलं नाही आणि मीही जाऊन कबूल केलं नाही. भ्याले.

त्या घरी आल्यानंतर तिसऱ्या दिवशी सर पाणी प्यायला आले. पाणी पिऊन झालं तरी गेले नाहीत. खिशातून काचेचं उभं, खुणांचं मोजपात्र काढलं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं, पन्नास मिलीलीटरचं.

"हे तुमच्याकडे असू द्या, ताई," ते म्हणाले. "ती आली आणि काही मागितलं तर नाही म्हणू नका. वाईट दिसतं. यातून द्या, आणि मला सांगा. मी बाटलीतून कमी करीन."

मी मान खाली घातली. त्यांना सगळं कळलं होतं. त्यावर त्या दिवशी किंवा नंतर एक शब्दही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी नवा तक्ता काढायला घेतला. मी गेले तर हॉलच्या फरशीवर ड्रॉइंग शीट पसरून ओणवे बसलेले. शीटवर एक जनावर. घोरपडीसारखं, पण घोरपड नव्हे. चपटं डोकं, जाड शेपूट, अंगभर बारीक खवले.

"हा कुठला प्राणी?" मी विचारलं.

"कुठलाच नाही," पलंगावरून वसुंधराताई म्हणाल्या. "ह्यांनी घडवलाय. वाळवंटात राहतो आणि जन्मभर पाणी पीत नाही. माझ्यापुढे आदर्श ठेवलाय."

सर वर न बघता म्हणाले, "मरुसरट."

"असल्या नावाने हाक कोण मारणार? मी वाळूबाई म्हणते."

तेव्हापासून वाळूबाईच. सरांनी शीर्षकात मरुसरट लिहिलं, पण बोलताना तेही वाळूबाईच म्हणू लागले.

मला सुरुवातीला हे क्रूर वाटलं. तहानेने जीव कासावीस झालेल्या बाईला बिनपाण्याच्या जनावराच्या गोष्टी कसल्या सांगायच्या? मी तसं तोंडावर म्हटलंही. वसुंधराताईच माझ्यावर खेकसल्या. "तू गप बस गं. सगळे माझ्याशी पाणी सोडून बाकी सगळ्यावर बोलतात. मिताली फोनवर हवापाण्याचंसुद्धा विचारत नाही. हे एकटे माझ्याशी तहानेवर बोलतात."

तक्ते वाढत गेले. दुपारी साधारण तीन वाजता वसुंधराताईंना तहान सर्वांत जास्त लागायची. तेव्हा सर दौत उघडायचे आणि काढता काढता सांगायचे.

वाळूबाईच्या खवल्यांमधून केसाएवढ्या बारीक खाचा जातात. पहाटेचं दव पाठीवर पडलं की त्या खाचांतून सरकत सरकत तोंडाच्या कोपऱ्यात येतं, तिला मान वळवावी लागत नाही. शेपटीत चरबी असते, ती जिरताना अंगातल्या अंगात थोडं पाणी तयार होतं. दुपारी वाळू तापली की ती चारही पाय एकदम टेकत नाही, पुढचा उजवा आणि मागचा डावा उचलते, मग दुसरी जोडी. अंगातलं जास्तीचं मीठ नाकावाटे बाहेर टाकते, त्याचे पांढरे कण नाकपुडीवर साचतात. आणि लघवी करत नाही, खडूच्या भुकटीसारखं काहीतरी टाकते.

"म्हणजे माझीच बहीण," वसुंधराताई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की ठसका लागला. सरांनी बाटलीतून दोन चमचे दिले आणि बाटली उजेडात धरून खूण पाहिली.

एकदा त्यांनी विचारलं, "रडायचं आलं तर काय करते ही?"

"अश्रुग्रंथी नाहीत," सर म्हणाले. "पाणी वाया जातं."

"बरं आहे तिचं."

सरांनी त्या दिवशी पुढे काही काढलं नाही.

जिभेखालचा खडा मात्र सरांचा नव्हता, गंगाबाईचा होता. गंगाबाई उरणजवळच्या करंज्याची कोळीण, दर बुधवार-शनिवार पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. वसुंधराताई जातीच्या मासेखाऊ. आजारापूर्वी गंगाबाईशी करलीच्या तुकड्यांवरून त्यांची हमरीतुमरी चालायची. आता मासे मोजून, खारवलेले तर बंदच. तरी गंगाबाई त्यांच्या दाराशी टेकायचीच. पूर्वी ती तिथे हक्काने पाणी मागून प्यायची. आजार कळल्यापासून तिने त्या दारात पाणी मागणं सोडलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तीही माझ्याकडेच प्यायला लागली होती.

एका शनिवारी तिने तक्ता पाहिला, वाळूबाईची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पाटी डोक्यावर घेताना म्हणाली, "सायेब, हिच्या तोंडान काय नाय दिलं तुमी. आमचा बाप होडीवर गोडं पानी कमी पडलं का चिंचोका ठेवायचा गालान. चावायचा नाय, निस्ता फिरवायचा. लाळ सुटते. दोन दिस काडलेत त्याने चिंचोक्यावर."

वसुंधराताईंनी त्याच दिवशी माझ्याकडून चिंचोके मागवले. सरांनी वाळूबाईच्या जिभेखाली टिंबांनी एक खडा काढला, त्याला नीट रेषा ओढली आणि नाव दिलं. मग त्यांनी पहिल्यांदाच तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, "माहिती: गंगाबाई, करंजा." पुढच्या खेपेला गंगाबाईला ते वाचून दाखवलं तर ती लाजून निघूनच गेली.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मधे एक चैत्र आला. मी हळदीकुंकू केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वसुंधराताई वाळत गेल्या. डाव्या हाताची सुया टोचायची शीर दोरखंडासारखी फुगली, पावलं मात्र सुजायची. तक्ते चौदा झाले. गालात चिंचोका ठेवून बोलायची त्यांना इतकी सवय झाली की शब्द जरा जड यायचे.

२०११च्या फेब्रुवारीत वसुंधराताईंनी तो विषय काढला. मी समोर होते. सर वाळूबाईच्या पंज्यांचा तक्ता संपवत होते.

"अहो, हिला एकदा पाणी पाजा ना."

"दव मिळतं की तिला."

"दव नाही. पाणी. पोटभर."

सरांनी टाक खाली ठेवला. "तिची तशी रचना नाही, वसुंधरा. सगळं शरीर थेंब राखण्यासाठी बनलंय. पोटभर प्यायली तर मरेल."

"मरू दे की. प्यायल्यावर मरू दे."

सरांचा चेहरा असा झाला की मी उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी ते पाणी प्यायला आले तेव्हा डोळे सुजलेले होते. तांब्या अर्धाच प्यायले. म्हणाले, "ताई, खोटं कसं काढू? उगीच काहीतरी काढलं तर तिला लगेच कळेल. तिला सगळे अवयव पाठ आहेत."

वसुंधराताईंनी हट्ट सोडला नाही. रोज दुपारी तीनला तोच प्रश्न. "प्यायली का?" सर म्हणायचे, "नाही अजून." त्या तोंड फिरवून घ्यायच्या. मला दोघांचाही राग यायचा. एक चित्र तर काढायचं होतं. काढून टाकायला काय जात होतं? पण त्या माणसाने आयुष्यात एक रेषा अंदाजाने ओढली नव्हती, आणि त्याच स्वभावावर त्या दोन वर्षं जगल्या होत्या, हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी सहाला सर आले, तर हातात गुंडाळी. पहिल्यांदाच आत आले आणि बसले. पोरं सुटली होती. त्यांनी शीट माझ्या टेबलावर उलगडली.

वाळूबाई पाण्यात होती. पुढचे दोन्ही पाय पाण्यात, तोंड पाण्यात, डोळे मिटलेले. पोट फुगून गोल झालेलं, आणि पाणी इतकं, की शीटच्या तीन कडांपर्यंत पोचलेलं. सगळं टिंबांनी. किती दिवस लागले असतील, देव जाणे. आणि उजवीकडे नावं नव्हती. एकच रेषा पोटापाशी गेलेली आणि तिच्यापुढे एकच शब्द, "घडी".

"सापडली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता. "पोटाच्या कडेने कातडीची घडी आहे. एरवी मिटलेली. पाणी भेटलं की उघडते, मग कितीही प्यायली तरी काही होत नाही. पहिल्या तक्त्यात मी ती काढलीच होती, ताई. नुसती वळी म्हणून काढली आणि नाव द्यायचं राहून गेलं. काल तक्ता बघताना दिसली."

"मग आत्ताच्या आत्ता दाखवा त्यांना," मी म्हटलं.

"आज नको. शनिवार-रविवार सलग दोन दिवस डायलिसिस नाही. अंगात पाणी साठलेलं असतं, तहानही फार असते. एवढं पाणी बघून तिला सोसायचं नाही. सोमवारी डायलिसिस झालं की ती हलकी होते. सोमवारी दाखवतो."

मी वाद घालायला हवा होता. एरवी मी कुणाशीही घालते. पण सरांचं गणित बरोबर होतं, आणि पन्ह्यापासून पाण्याच्या बाबतीत माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता. त्यांनी शीट पुन्हा गुंडाळली आणि माझ्याच कपाटावर ठेवली, वसुंधराताईंना घरात दिसू नये म्हणून.

रविवारी सकाळी वसुंधराताईंनी गोळ्या घेतल्या, अर्धा कप चहा घेतला. साडेदहाच्या सुमारास म्हणाल्या, "आज थोडं जास्त द्या हो." सर म्हणाले, "अकराला देतो." सर पथ्याची भाजी उकळून तिचं पाणी काढून टाकायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तेव्हा वसुंधराताईंची मान उशीवरून कलली होती. चिंचोका उशीवर पडला होता.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं. हृदय थांबलं, अशा आजारात असं अचानक होतं, म्हणाले. सरांनी त्यांना फक्त एक विचारलं. "पाण्याने?"

"नाही, पाण्याचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटॅशियम वाढलं असेल. थोडं जास्त प्यायल्या असत्या तरी हेच झालं असतं आणि कमी प्यायल्या असत्या तरी हेच."

डॉक्टर हे धीर देण्यासाठी म्हणाले होते. सर भिंतीला टेकून खाली बसले.

बारापर्यंत बायका जमल्या. कुणीतरी देवघरातून गंगाजलाचा गडू आणि तुळशीचं पान आणलं. तोंडात पाणी घालायला सरांना पुढे बोलावलं. ते उठले, गडू हातात घेतला, आणि परत खाली ठेवला.

"थांबा," म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते बाटली घेऊन. ती त्यांनी खिडकीकडे वर धरली आणि खूण पाहिली.

"तिचं आजचं साडेपाचशे उरलंय," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. ते पलंगाशी बसले आणि चमच्याने एकेक चमचा त्यांच्या ओठांत घालायला लागले. दोन चमचे झाले, पाच झाले, दहा झाले. पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर येऊन मानेवरून उशीत जिरत होतं. एक म्हातारी बाई म्हणाली, "पुरे आता, कृष्णकांत." मी तिचा हात धरला आणि तिला मागे ओढलं. सर घालत राहिले. बाटली रिकामी व्हायला बराच वेळ लागला. मग त्यांनी बाटली पुन्हा उजेडात धरली, तळाशी काही राहिलं नाही ना ते पाहिलं आणि झाकण लावलं.

मिताली संध्याकाळच्या विमानाने आली आणि मग न्यायची तयारी झाली. तिरडी बांधून झाली तेव्हा सर माझ्याकडे बघत होते. मी घरी जाऊन कपाटावरची गुंडाळी घेऊन आले. त्यांनी ती वसुंधराताईंच्या उजव्या हातापाशी, चादरीच्या आत सारली.

भटजींनी विचारलं, "हे काय आहे?"

"तिला दाखवायचं होतं," सर म्हणाले. "उद्या."